आवाज करू नये, ही नम्र विनंती

सात वाजून एकवीस मिनिटांनी गालमोतच्या तळ्यावर हजर होते ते असे: हिरव्या मानेची जंगली बदकं चौदाशे बारा, चांदवे शहाऐंशी, टिबुकल्या नऊ, राखी बगळा एक. एकूण पक्षी पंधराशे आठ. माणसं दोन. तापमान उणे अकरा. भाजलेल्या जवाच्या चहाचा थर्मास एक, अर्धा रिकामा.

बेरीज हेजूने दोनदा केली होती. चुकली असेल म्हणून नव्हे, बरं वाटत होतं म्हणून!

“मेंगसाहेब,” ती म्हणाली, “हजार लागतात, पंधराशे आहेत. आज तुम्हाला एकच काम. सही करेपर्यंत पेनातली शाई गोठू द्यायची नाही.”

मेंगसाहेब जिल्हा कचेरीतून साक्षीदार म्हणून आले होते. आत बदकाचीच पिसं भरलेल्या घोट्यापर्यंतच्या काळ्या कोटात ते भिंतीला टेकवून ठेवलेल्या गादीसारखे दिसत होते. गादीतून आवाज आला, “मोजणी पावणेआठला सुरू. आत्ताचे धरत नाहीत.”

“माहीत आहे हो. पण चोवीस मिनिटांत जातायत कुठे?”

बान हेजू, वय सव्वीस, पक्षीशास्त्रात एम.एस्सी. या तळ्यावर तिने प्रबंध लिहिला होता. बदकं रात्रभर मधोमध पाय मारत राहतात म्हणून तेवढं पाणी गोठत नाही, हे तिने तीन हिवाळे थर्मामीटर बुडवून सिद्ध केलं होतं. आणि आता त्याच पाण्यावर तरंगते सौरपट्टे टाकायचे घाटत होते. काठापासून काठापर्यंत, डब्याला झाकण बसवावं तसे! गावाने वर्षभर अर्ज केले, कचेरीच्या पायऱ्यांवर बसकण मारली. शेवटी जिल्ह्याने तोडगा काढला. जानेवारीच्या मोजणीत, पावणेआठ ते साडेआठ या वेळात, साक्षीदारासमोर एक हजार जंगली पाणपक्षी तळ्यावर भरले तर पट्टे रद्द. नऊशे नव्व्याण्णव भरले तर मार्चमध्ये काम सुरू. उडणारे धरायचे नाहीत. पाळीव धरायचे नाहीत.

हेजूने तयारीत काही म्हणजे काही कसूर ठेवली नव्हती. काठावरचे दोन कुत्रे लांबच्या गोठ्यात बांधवले. मासे धरणाऱ्यांना समजावलं. आणि काल संध्याकाळी ती गावप्रमुख योमकाकांकडे जाऊन बसली.

“काका, उद्या साडेआठपर्यंत तळ्याजवळ एकसुद्धा आवाज नको. गावात सगळ्यांना कळायला हवं.”

योमकाका वाळवलेलं तेंदूचं फळ चावत होते. या छुंगछंग प्रांतातली माणसं बोलायच्या आधी घास पूर्ण गिळतात, आणि तेंदूचा घास मोठा असतो. “कळेल,” ते म्हणाले.

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना.”

“नक्की ना?”

“पोरी, अकरा वर्षं प्रमुख आहे मी. मी एखादी गोष्ट सांगितली आणि कुणाला ऐकू गेली नाही, असं या गावात अजून झालेलं नाही.”

हे वाक्य हेजूने फार वरवर ऐकलं.

तळ्याच्या बांधावर एक उंच खांब होता. तो हेजूच्या प्रबंधातही होता. नकाशात, बाण काढून: ‘खांब. वर ससाणा बसतो.’ ससाणा बसतो ती वस्तू म्हणजे चार दिशांना तोंडं केलेले चार कर्णे आहेत, याची नोंद मात्र प्रबंधात नव्हती.

सात चौतीसला खांब खाकरला.

“खर्रर्र,” खांब म्हणाला. पाठोपाठ गाणं सुरू झालं. गावातली कुठलीही सूचना गाण्याशिवाय सुरू होत नाही. कुणाचा तरी प्रियकर बोटीने निघून गेला होता आणि ती बाई चारही दिशांना एकदम रडत होती. बदकांनी माना वर केल्या. चौदाशे बारा माना!

“नको,” हेजू पुटपुटली. “नको, नको, नको...”

गाणं थांबलं. कुणीतरी माइकवर तीन टिचक्या मारल्या. “आ. आ. एक, दोन. ऐकू येतंय? बरं. ग्रामस्थांना कळवण्यात येतं की, आज सकाळी आपल्या तळ्यावर पक्ष्यांची मोजणी आहे. तरी साडेआठपर्यंत कोणीही, कसलाही, आवाज करू नये, ही नम्र विनंती!”

बदकं उठली. हजार बायकांनी हजार चादरी एकाच वेळी झटकाव्यात तसा आवाज झाला. तळं क्षणभर काळं झालं, मग पांढरं झालं, मग नुसतं पाणी उरलं. थवा टेकडीवरून वळला आणि उत्तरेला दिसेनासा झाला.

“पुन्हा एकदा सांगतो,” खांब म्हणाला. “कोणीही, कसलाही...”

मेंगसाहेबांनी घड्याळ पाहिलं. “सात पस्तीस. अजून दहा मिनिटं आहेत मोजणीला.”

हेजू तोपर्यंत धावत सुटली होती. तळ्यापासून गावसभागृह सहाशे चाळीस मीटर. हे अंतरही तिनेच मोजलेलं. गुडघाभर रबरी बुटांत, गळ्यात दुर्बीण आपटत, तिने ते साडेचार मिनिटांत कापलं. वाटेत तिला विनंती तिसऱ्यांदा आणि चौथ्यांदा ऐकू आली.

“काका! बंद करा ते!”

योमकाकांनी तिच्याकडे सौम्यपणे पाहिलं आणि माइकवर हात ठेवला. पूर्ण नाही, चार बोटं.

“काय झालं पोरी? टेकडीपलीकडे, चिकसिलच्या बाजूला गेलं नाही का ऐकू?”

“बदकं गेली काका! तुमच्या आवाजाने सगळी उडाली!”

“आवाज करू नका, एवढंच सांगत होतो मी.”

“मोठ्याने सांगत होतात!”

“हळू सांगितलं तर लोक ऐकत नाहीत,” योमकाका म्हणाले. मग त्यांनी थोडा विचार केला. छुंगछंगमध्ये थोड्या विचाराला बराच वेळ लागतो. “सगळी गेली?”

“चौदाशे बारा!”

“म्हणजे आता पट्टे टाकणार.”

“हजार भरले नाहीत तर टाकणारच!”

दारात एक डोकं डोकावलं. महिला मंडळाच्या अध्यक्षा ब्योनमावशींचं. हातात मुळ्याची जुडी, कपाळावर आठ्या. “अहो प्रमुख, माइक चालू आहे. आमच्या न्हाणीघरापर्यंत सगळं ऐकू आलं. डॉक्टरबाई रडतायत का?”

“मी रडत नाहीये,” हेजू म्हणाली. ती डॉक्टरही नव्हती, पण दुर्बीण असलेल्या माणसाला गाव डॉक्टरच म्हणत असे. “धापा टाकतेय.”

“धापा टाकतेय,” खांबाने टेकडीपर्यंत कळवलं.

सात एकोणपन्नासला ती तळ्यावर परतली. मोजणी चार मिनिटांपूर्वी सुरू झाली होती. तळ्यावर चांदवे शहाऐंशी, टिबुकल्या नऊ, राखी बगळा एक. बगळा बहुधा बहिरा असावा. एकूण शहाण्णव.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. वरच्या तळ्यावरून गीदादा बोलत होता. चिकसिल गावाचं तळं टेकडीपलीकडे, दोन किलोमीटरवर. विद्यापीठात तो तिच्या तीन वर्षं पुढे होता आणि अजूनही सगळ्या गोष्टीत तीन वर्षं पुढे असल्यासारखा बोलत असे.

“हेजू, ऐक, ऐक! माझ्याकडे रोज तीनशे बदकं असतात ना? आत्ता बघतोय तर सतराशे! आकाशातून पडल्यासारखी! असा आकडा या तळ्यावर कधी आलेलाच नाही गं!”

“दादा, ती माझी आहेत.”

“काय?”

“ती चौदाशे माझी आहेत. आमच्याकडून उडालीत.”

मग गीदादा हलक्या आवाजात म्हणाला, “पण आता पाण्यावर तर माझ्याच आहेत ना.”

“दादा, तुझ्या तळ्यावर कुणी पट्टे टाकत नाहीये!”

“अगं, मग मी काय करू? हुसकावू? मोजणीच्या वेळी पक्ष्यांना त्रास दिला तर तूच माझी तक्रार करशील.”

खरं होतं. तिनेच केली असती.

सात सत्तावन्न. बांधामागून टर्र टर्र टर्र असा आवाज आला. हेजूने वळून पाहिलं आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. ब्योनमावशी पॉवर टिलर चालवत येत होत्या. मागच्या ट्रॉलीत महिला मंडळाच्या नऊ बायका, जांभळ्या-लाल फुलांच्या गुबगुबीत विजारीत, आणि मधोमध तांदूळवड्यांच्या सूपचं पातेलं, न्हाऊ घालता येईल एवढं. मागून अख्खं गाव चालत होतं. पन्नास-साठ माणसं. सगळी चवड्यांवर!

चवड्यांवर चालणाऱ्या गावापुढे टिलर टरटरत होता.

“मावशी! बंद! बंद करा!”

“काय?” मावशी ओरडल्या. “टिलरमुळे ऐकू येत नाही!”

चांदवे पळाले. पाण्यावर पाय आपटत, रांगेने, जणू कुणी त्यांच्या मागे लागलंय. निम्मे वेतात घुसले, काही टेकडीकडे गेले. टिबुकल्यांनी बुड्या मारल्या आणि वीस हात पुढे वर आल्या. टिबुकल्यांना जग कळतं. बगळा तिथेच.

हेजूने मोजलं. चांदवे एक्केचाळीस. एकूण एक्कावन्न.

“आम्ही मदतीला आलो,” टिलर बंद करून ब्योनमावशी कुजबुजल्या. “पोटात गरम काही नसताना हजार पक्षी कसे मोजणार तुम्ही?”

हेजूच्या हातात सूपचा वाडगा कोंबला गेला होता आणि बोटांना खरोखरच बरं वाटत होतं, हे तिला फार अपमानकारक वाटलं. मेंगसाहेबांनी मात्र दोन वाडगे घेतले.

योमकाका तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. “किती लागतात म्हणालीस?”

“हजार.”

“आणि आहेत?”

“एक्कावन्न.”

“म्हणजे थोडे कमी.”

“हो काका. थोडे कमी.”

योमकाका जवळ सरकले. मग आणखी खालच्या आवाजात, “तुझं ते बोटानं टकटक करायचं यंत्र आहे ना, ते दाबायला प्रत्येक वेळी पक्षी लागतोच का?”

“लागतो.”

“प्रत्येक वेळी?”

“प्रत्येक वेळी, काका.”

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. पण त्यांचे हात खिशात गेले आणि खिशातच राहिले, आणि हेजूला एकदम दिसलं की हा माणूस घाबरलाय. साठ वर्षं या बांधावरून फिरलेला माणूस, एक विनंती मोठ्याने केल्यामुळे हे तळं आपल्या हातून जाईल म्हणून घाबरलाय.

“काका, तुमचा दोष...” ती म्हणू लागली.

“पांगला बोलवा,” योमकाका म्हणाले.

पांगआजोबा भातशेतीत बदकं सोडत. बदकं तण खातात, किडे खातात, भात खात नाहीत. हंगाम संपला की बाकीचे शेतकरी ती विकून टाकतात. पांगआजोबांना विकवत नसे. म्हणून हिवाळाभर त्यांच्या छपराखाली हिरव्या मानेची, पांढऱ्या कंठीची गुबगुबीत बदकं फुकट खात बसलेली असत. दिसायला अगदी जंगलीसारखी. म्हणजे हेजूसुद्धा पन्नास मीटरवरून फसली असती!

“आपली पाण्यात निवांत दिसली,” योमकाका म्हणाले, “तर ती वरून बघतील आणि म्हणतील, इथे बरं चाललंय.”

शास्त्राच्या दृष्टीने यात काहीच चूक नव्हती. पण हेजू घाईघाईने म्हणाली, “थांबा, आधी मोजायला हवीत. आजोबा, किती आहेत?”

“असतील,” पांगआजोबा म्हणाले.

“किती असतील?”

“आहेत तेवढी असतील की.” आणि त्यांनी हातगाडीवरून आणलेल्या पिंजऱ्याचं दार उघडलं.

बदकं बर्फावरून घसरत, एकमेकांवर आदळत पाण्यात शिरली. सहा महिन्यांत तळं पाहिलं नव्हतं त्यांनी. आठ वाजून चार मिनिटं. आता तळ्यावर एक्कावन्न जंगली आणि अज्ञात संख्येने पाळीव पक्षी होते. मेंगसाहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं.

फोन पुन्हा थरथरला. “हेजू,” गीदादा कुजबुजत होता, “एक गडबड झाली गं. आमच्या प्रमुखांना मी सांगितलं, विक्रम झालाय, सतराशे पक्षी, तुमच्या गावाचं नाव होणार. त्यांना फार आनंद झाला.”

“मग?”

“म्हणाले, गावाचं अभिनंदन करायला हवं. सभागृहाकडे गेलेत.”

हेजू कान देऊन उभी राहिली. टेकडीपलीकडून, दोन किलोमीटरवरून, थंड हवेत स्वच्छ ऐकू आलं: एक बाई रडत होती. तिचाही माणूस बोटीने गेला होता.

“आ. आ,” टेकडी म्हणाली.

बांधावरचं सगळं गाव एकदम हसलं आणि हेजूने दोन्ही हात पसरले. “श्श! खाली बसा! सगळे! येतायत ती!”

उत्तरेच्या आकाशात धूर दिसावा तसा थवा वर आला. पण त्याचे तुकडे झाले होते. एक मोठा तुकडा नदीकडे वळला. हेजू त्याच्याकडे बघत राहिली, जणू नजरेने ओढून आणता आला असता. तो गेला. उरलेला टेकडी ओलांडून इकडे आला. आणि त्याने खाली पाहिलं तेव्हा बांधावर साठ माणसं होती. लाल, जांभळी, पिवळी. जत्रेसारखी!

“बसा ना!”

लोक बसत होते. पण छुंगछंगचे लोक बसत होते. आधी इकडे तिकडे बघायचं, जागा झाडायची, गुडघ्यावर हात ठेवायचा, उसासा टाकायचा, मग बसायचं. थव्याने पहिली फेरी घातली. वरून गेला, उतरला नाही.

“पातेलं!” हेजू कुजबुजली. पातेल्यातून वाफेचा खांब उभा होता. ब्योनमावशींनी क्षणाचाही विचार न करता झाकणावर अंगातला कोट काढून टाकला आणि वर स्वतः बसल्या.

दुसरी फेरी. जरा खाली. पंखांचा आवाज आता डोक्यावर येत होता, रेशमी कापड फाडल्यासारखा. मेंगसाहेब तेवढे अजून उभे होते. साक्षीदाराने उभं राहायचं असतं, असं कदाचित नियमात असावं. योमकाकांनी त्यांच्या कोटाची कड धरली आणि हळूच, आदराने, खाली ओढली. गादी आडवी झाली.

खाली पाण्यात पांगआजोबांची बदकं पंख साफ करत होती. त्यांना आयुष्यात कसलीच घाई नव्हती.

तिसऱ्या फेरीला पहिली सात बदकं उतरली. मग वीस. मग पाऊस पडावा तशी.

आठ तेरा. हेजू उताणे पडलेल्या मेंगसाहेबांना म्हणाली, “मोजू?” आणि दुर्बिणीला डोळा लावला. डावीकडून उजवीकडे, पाच पाचचा गट, गटाला पाच टिचक्या. बोटं बधिर झाली होती. तिने ओठ चावून आकडा धरून ठेवला. आठ एकोणीसला शेवटची टिचकी पडली. चांदवे, टिबुकल्या, बगळा धरून एक हजार एकतीस!

बांधामागून साठ तोंडांनी एकदम श्वास सोडला.

“त्यात पाळीव किती?” मेंगसाहेबांनी आडव्या अवस्थेत विचारलं.

सगळ्यांनी पांगआजोबांकडे पाहिलं.

“आजोबा, आता तरी सांगा,” हेजू म्हणाली. “एकतीसपर्यंत चालतील. बत्तीस असतील तर तळं गेलं.”

पांगआजोबांनी तिच्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. त्यांनी दाण्याची बादली उचलली, बांध उतरले, बर्फाच्या कडेला उकिडवे बसले आणि मूठभर दाणे बादलीत हलके खळखळवले. एवढे हलके, की तळहातावर तांदूळ निवडतोय असं वाटावं. जंगली बदकं दचकली नाहीत. गर्दीतून एक बदक निघालं. मग दुसरं. डुलत डुलत, एकामागे एक, बर्फावर चढून आजोबांच्या दिशेने.

“एक, दोन, तीन,” हेजूचे ओठ हलत होते. तिच्यामागे सगळ्या गावाचे ओठ हलत होते.

अठ्ठावीस. एकोणतीस. तीस. खंड पडला. आणखी एक आलं, लंगडत. एकतीस.

आणि मग पाण्याच्या कडेला आणखी एक बदक आलं. त्याने बादलीकडे पाहिलं. एक पाय बर्फावर ठेवला.

“जा मागे,” ब्योनमावशी पातेल्यावरून पुटपुटल्या. “जा ना रे बाबा, जा मागे.”

बदक दोन पावलं पुढे आलं. पांगआजोबांनी त्याच्याकडे बघितलं आणि मान हलवली. “ह्याला मी ओळखत नाही,” ते हळूच म्हणाले.

बदक क्षणभर थांबलं, आणि उभ्या जागेवरून सरळ हवेत उठून परत थव्यात जाऊन बसलं. पाळीव गुबगुबीत बदकाच्या सात पिढ्यांना जमलं नसतं असं!

“एक हजार!” योमकाकांनी दोन्ही मुठी तोंडावर दाबून घेतल्या. ब्योनमावशी शेजारणीच्या गळ्यात पडल्या. हेजूने पेन मेंगसाहेबांपुढे धरलं.

मेंगसाहेब उठून बसले. कोटावरचं गवत झटकलं. “मी नाही सही करणार.”

“का?”

“एक हजार? बरोबर एक हजार?” ते पहिल्यांदाच माणसासारखे काकुळतीला आले. “बाई, बावीस वर्षं नोकरी झाली माझी. हजार लागतात आणि हजार भरले, असा कागद वर पाठवला, तर वरचे काय म्हणतील? गावाने सूप पाजलं आणि साक्षीदाराने लिहिलं. पहिल्या दिवशी प्रस्ताव परत येईल.”

“पण हजारच आहेत!”

“खरे आहेत हो! पण खरे दिसत नाहीत!”

हेजूने पुढे धरलेलं पेन खाली घेतलं. तिच्याकडे असा आकडा कुणी आणला असता तर तिनेच पहिली शंका घेतली असती.

“पुन्हा मोजा,” मेंगसाहेब म्हणाले. “या वेळी मीही मोजतो, वेगळ्या यंत्रावर. आकडे वेगळे आले तर कमी असेल तो धरायचा. आठ बावीस झालेत.”

“आणि एखादं उडून गेलं तर?” योमकाकांनी विचारलं.

मेंगसाहेबांनी नुसतं घड्याळ पुढे केलं. हेजूने दुसरं यंत्र त्यांच्या हातात दिलं. पांगआजोबा आपली एकतीस घेऊन, एकेक पाऊल टाकत, तळ्यापासून लांब निघाले. सूर्य टेकडीवर आला होता. चौदा चांदवे वेताच्या कडेला दिसत, नाहीसे होत, पुन्हा दिसत. त्यांचं काय ते ठरत नव्हतं.

दोन यंत्रं टकटकू लागली. बाकी कसलाही आवाज नव्हता. साठ माणसं हातातले वाडगे तसेच धरून बसली होती. सूपवर साय धरली. कुणीही चमचा हलवला नाही.

आठ पंचवीसला योमकाकांना उचकी लागली.

“हिक्!”

पाण्यावर दहाएक माना वर झाल्या. योमकाकांच्या चेहऱ्यावर असा भाव आला, की तळ्यात उडी मारू का, असं त्यांना विचारायचं असावं. ब्योनमावशींनी पातेल्यावरून उतरून, कोटाखाली हात घालून, एक तांदूळवडी काढली आणि त्यांच्या तोंडात कोंबली. मग दुसरी. काका डोळे मिटून चावत राहिले. खांदे उडत होते, आवाज येत नव्हता. माना खाली गेल्या.

हेजूने काहीच पाहिलं नाही. तिच्या दुर्बिणीत फक्त पाठी होत्या, तपकिरी, राखाडी, हिरव्या माना, पाच, पाच, पाच. उजव्या टोकाशी वेत. वेताच्या कडेला हालचाल. तिने थांबून तीनपर्यंत मोजलं आणि पुन्हा एकदा पाहिलं. जे होते ते घेतले. जे नव्हते ते घेतले नाहीत.

तिची शेवटची टिचकी आठ एकोणतीसला पडली. मेंगसाहेबांची त्यानंतर वीस सेकंदांनी. दोघांनी यंत्रं मुठीत धरली. कुणालाच मूठ उघडायची घाई नव्हती.

“तुम्ही आधी,” मेंगसाहेब म्हणाले.

हेजूने बोटं एकेक करून सोडवली. ती थंडीने खरोखरच चिकटली होती. “एक हजार चार.”

मेंगसाहेबांनी आपली मूठ उघडली. बराच वेळ यंत्राकडे बघितलं. नाक पुसलं. मग गुडघ्यावर कागद घेतला, पेन तोंडाजवळ नेऊन दोनदा फुंकर मारली आणि स्वच्छ, कारकुनी अक्षरात लिहिलं:

गालमोत तळं. सकाळी ८.३०. तापमान उणे नऊ. जंगली पाणपक्षी १,००३.